क्षय म्हणून दोनदा औषधं झाली, आणि तुकड्यात निघाली गोळीची भुकटी

दवबिंदू

धागा काढू की नको यात दोन आठवडे गेले. नेहमीचा आयडी न वापरता लिहितेय, ओळखलंत तरी कृपया बोलू नका.

धाकटा भाऊ, वय ३१. २०१९ ला बाईकवरून पडला, कमरेत स्क्रू बसले. दुखण्यासाठी ज्या गोळ्या दिल्या होत्या त्या पुढे सुटल्याच नाहीत. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. "तो गोळ्या खातो" असंच आम्ही आपसात म्हणायचो. 'खातो' हा शब्द लक्षात ठेवा.

२०२२ च्या पावसाळ्यात त्याला दम लागायला लागला. आधी जिना चढताना, मग चपला घालताना. कोरडा खोकला, संध्याकाळी कणकण, वजन ११ किलो उतरलं. एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांत खसखस सांडल्यासारखे ठिपके. मिलिअरी टीबी, असं निदान झालं. बेडका नीट पडेना, जो पडला त्यात जंतू नाहीत, तरी एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू केली. सहा महिने एकही डोस चुकला नाही. टीबीच्या रुग्णांसाठीच्या सरकारी निक्षय योजनेचे महिन्याला ५०० रुपये खात्यात यायचे, आई त्यांचे अंडी-शेंगदाणे आणायची. सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढला, खसखस जागच्या जागी. दुसरे डॉक्टर. त्यांनी औषधाला दाद न देणारा टीबी म्हणून पुन्हा सुरुवात केली.

तिसऱ्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून फुप्फुसाचा तुकडा काढला. रिपोर्टमध्ये ग्रॅन्युलोमा, आणि पुढे 'पोलराइज्ड प्रकाशात चमकणारे परकीय कण'. मॅडमनी तो वाचला, मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही जरा बाहेर बसा." वीस मिनिटं मी बाकावर. मग त्यांनी मला आत बोलावलं आणि भावाला म्हणाल्या, तूच सांग. त्याने शर्टाची बाही वर केली.

तेव्हा मला आठवलं. आईचा वेलची कुटायचा छोटा पितळी खल आहे. दोनेक वर्षांपूर्वी त्याच्या तळाला पांढरं काहीतरी चिकटलेलं दिसलं होतं. आई म्हणाली पिठीसाखर असेल, आणि धुऊन टाकला.

विचारायचं ते असं: गोळीचं चूर्ण हाताच्या शिरेत गेलं, ते फुप्फुसात कसं बसलं? ते निघतं का? आणि आता आम्ही करायचं काय? गोळीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कुणी विचारू नये.

रानजाई

बापरे. वाचून हात गार पडले. ताई, लिहिलंत हे फार बरं केलंत. जाणकार येतीलच.

छातीठोक

छातीरोगाची ओपीडी करतो म्हणून लिहितो. तुमच्या भावाला तपासलेलं नाही, त्यामुळे जे आहे ते ढोबळ आहे.

हाताच्या, पायाच्या, मानेच्या, कुठल्याही शिरेतलं रक्त आधी हृदयाच्या उजव्या बाजूला येतं आणि तिथून थेट फुप्फुसात. मेंदू, किडनी, यकृत सगळे नंतर. फुप्फुसातल्या केशवाहिन्या जेमतेम तांबडी पेशी अंग चोरून जाईल एवढ्या, सात-आठ मायक्रॉनच्या. गोळीचे न विरघळलेले बरेचसे कण त्याहून मोठे असतात. शिरेत जे काही टाकलं त्याचा पहिला गाळ तिथेच बसतो.

पोटात गेलेला गाळ पोट बाहेर टाकतं. फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेल्या कणाला बाहेरची वाट नाही. मग शरीर त्याच्याभोवती पेशींचं कडं करतं, तोच ग्रॅन्युलोमा. एक-दोन असते तर प्रश्न नव्हता. दिवसातून तीन-चार वेळा, दोन वर्षं, प्रत्येक वेळी हजारो कण. वाहिन्या आतून बुजतात, काही कण भिंत फोडून शेजारच्या ऊतीत शिरतात आणि तिथे वण धरतो. वाहिन्या कमी झाल्या की उरलेल्यांतला दाब वाढतो आणि त्या दाबाविरुद्ध उजव्या हृदयाला रक्त ढकलावं लागतं. पायावर सूज, मानेच्या शिरा तट्ट, चालताना भोवळ ही त्याची लक्षणं. इको झाला असेल तर फुप्फुसाच्या धमनीतला दाब किती आला ते बघा.

टीबीचा गोंधळ का होतो, तेही सांगतो, कारण आधीच्या डॉक्टरांवर तुमचा राग असणार. आपल्याकडे तरुण माणूस, ताप, वजन घटलेलं, फोटोभर बारीक ठिपके म्हटलं की दहातले नऊ वेळा टीबीच निघतो. त्यातून रिपोर्टात ग्रॅन्युलोमा शब्द आला की हात आपोआप एकेटीकडे जातो. आणि टोचून नशा करणाऱ्यांना खरा टीबीही जास्त होतो, एचआयव्ही असेल तर फारच. तेव्हा औषधं देणं हा गुन्हा नव्हता. सहा महिन्यांत फोटो तसूभर हलला नाही तेव्हा थांबून विचार करायला हवा होता, एवढं मात्र म्हणेन.

अण्णा_सातारकर

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. स्वतःच्या हाताने टोचून घेतलं, आता फुप्फुसाला दोष देऊन काय उपयोग. घरच्यांनी दोन वर्षं काय डोळे मिटले होते? असल्यांना चार दिवस कोंडून ठेवलं असतं तर ही वेळ आली नसती.

जुना_पापी

अण्णा, मला कोंडलं होतं. वडिलांनी, माडीवर, चार नाही नऊ दिवस. टर्कीत, म्हणजे नशा अचानक तुटल्यावर, हाडं मोडल्यासारखी दुखतात, नाका-डोळ्यांतून पाणी, कपड्यात संडास. दहाव्या दिवशी दार उघडलं आणि अकराव्या दिवशी मी परत मारलं, आधीच्याच मापाने. शरीराची सवय मोडलेली होती. शेजारच्या पोराने पाहिलं म्हणून आज इथे टाइप करतोय. कोंडून बाहेर आलेला माणूस पहिल्याच डोसात मरू शकतो, माझ्या बॅचचे दोन तसे गेले.

ताई, तुमच्या भावाने बाही वर केली ना, तिथे अर्धी लढाई झाली. हातावरच्या खुणा कसल्या विचारलं की मी डॉक्टरांना सात वर्षं 'रक्तदान करतो' म्हणून सांगत होतो.

मात्रा_आणि_वेलांटी

मी औषधनिर्माणातला, पंचवीस वर्षं. आधी गोळ्यांच्या विभागात, मग इंजेक्शनच्या. या दोन विभागांत जेवढं अंतर आहे तेवढं स्वयंपाकघर आणि ऑपरेशन थिएटरमध्येही नसेल, म्हणून जरा लांबण लावतो.

लोकांना वाटतं गोळी म्हणजे दाबलेलं औषध. थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी घ्या. तेवढं औषध नखावर ठेवलं तर दिसणार नाही. गोळी मात्र शंभर मिलिग्रॅमच्या आसपास भरते. बाकी सगळा भराव: मक्याचा स्टार्च, लाकडाच्या लगद्यापासून केलेला सेल्युलोज, साच्याला चिकटू नये म्हणून टाल्क आणि मॅग्नेशियम स्टिअरेट, पोटात गेल्यावर फुगून गोळी फोडणारा क्रॉसपोव्हिडोन. कित्येक गोळ्यांवर वरून रंगीत लेप, त्यातही टाल्क. टाल्क म्हणजे शंखजिरं, दगडच तो. यातलं बरंचसं पाण्यात विरघळतच नाही. तोंडावाटे हे सगळं पूर्ण निरुपद्रवी आहे, गैरसमज नको.

आता इंजेक्शनचा विभाग. डोळे सोडून सगळं अंग झाकून आत जायचं. हवा गाळलेली, पाणी वेगळं. शेवटी प्रत्येक कुपी दिव्यासमोर धरून आधी काळ्या, मग पांढऱ्या पडद्यापुढे फिरवायची. पांढरा कण काळ्यावर दिसतो, काळा पांढऱ्यावर. एक तंतू तरंगताना दिसला की कुपी बाद. मी पूर्ण बॅच अशी बाद झालेली पाहिली आहे, आणि त्या रात्री घरी जेवण गेलं नव्हतं.

आपल्याकडे वस्त्रगाळ चूर्ण म्हणजे बारीकपणाची हद्द. पण वस्त्रगाळमधला कणही या केशवाहिन्यांच्या कितीतरी पट मोठा. कापसातून, फडक्यातून गाळलं म्हणून रक्तात जाण्याजोगं होत नाही. खलात कितीही घोटा, दगडाचं पाणी होत नाही.

स्लाइडवाला

पॅथॉलॉजीतून हजेरी. वरच्या काकांनी जी यादी दिली ती आम्हाला स्लाइडवर दिसते.

साध्या प्रकाशात ग्रॅन्युलोमा टीबीच्याच चुलत घराण्यातला वाटतो. फरक असा की टीबीत मधोमध चीज सडल्यासारखा भाग असतो, इथे तो नसतो, आणि गाठी रक्तवाहिनीला चिकटून किंवा तिच्या आतच असतात. मग दोन पोलरायझर आडवे-उभे लावायचे. सगळं काळं होतं आणि त्या काळोखात कण पेटतात. टाल्कचे पापुद्रे, सेल्युलोजच्या लांबट काड्या. स्टार्चच्या कणावर चक्क फुलीचं चिन्ह उमटतं. क्रॉसपोव्हिडोन तेवढा चमकत नाही. तो जांभळा, पोवळ्याच्या फांदीसारखा दिसतो आणि नवख्याच्या नजरेतून निसटतो.

पोलरायझर लावायला दहा सेकंद पुरतात. पण मागणीच्या कागदावर फक्त 'टीबी?' लिहिलं असेल तर सकाळच्या गर्दीत ते दहा सेकंद कुणी देईलच असं नाही. कागदावर तीन शब्द जास्त असतील तर पहिल्याच तुकड्यात उत्तर मिळतं.

अवांतर: डोळ्यांच्या डॉक्टरांकडून बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. बारके कण फुप्फुस ओलांडून डोळ्याच्या पडद्यावर जातात आणि मध्यबिंदूभोवती चमकी सांडल्यासारखे दिसतात.

ईशान्य_मुसाफिर

बँकेच्या नोकरीत साडेतीन वर्षं मिझोराममध्ये, ऐझॉलला होतो, २००० नंतरची गोष्ट. पोटदुखीवर मिळणारी एक निळी कॅप्सूल तिथे 'एसपी' म्हणून ओळखली जायची. आत डेक्स्ट्रोप्रोपॉक्सीफीन. कॅप्सूल फोडून आतली पूड टोचायचे. ते औषधच पाण्यात नीट विरघळत नाही. माझ्या घरमालकिणीचा पुतण्या, चर्चमध्ये गिटार वाजवायचा, त्याच्या मांडीत मूठ जाईल एवढं गळू होतं. पुढे पाय कापावा लागला. मणिपूर-नागालँडमध्येही हेच चाललं होतं. केंद्राने ते औषध २०१३ मध्ये बंद केलं, तोवर एक पिढी लंगडी झाली होती. फुप्फुसाचं तेव्हा कुणी बोलत नव्हतं, हातापायांचं दिसायचं म्हणून तेवढंच बोललं जायचं.

कॉफी_आणि_कांदेपोहे

अमेरिकेत हॉस्पिटल फार्मसीत आहे. इथला एक किस्सा याला जोडून आहे. ओपाना ईआर नावाची वेदनाशामक गोळी होती. लोक चुरून नाकाने ओढतात म्हणून २०१२ मध्ये कंपनीने ती कडक केली, पॉलिएथिलीन ऑक्साइड घालून. नाकाने ओढणं कमी झालं, लोक टोचायला लागले. त्याच वर्षी टेनेसीत असे रुग्ण यायला लागले की रक्तातल्या प्लेटलेट कोसळलेल्या, तांबड्या पेशी फुटलेल्या, किडनीला मार. संशय मूळ औषधावर नव्हे, त्या कडक करणाऱ्या पदार्थावर आला. मग २०१५ मध्ये इंडियानातल्या स्कॉट काउंटीत, एवढ्याशा गावात, एकमेकांच्या सुया वापरून १८० च्या वर लोकांना एचआयव्ही. जून २०१७ मध्ये एफडीएने गोळी बाजारातून काढायला सांगितली. गोळी फुटू नये म्हणून घातलेली वस्तूच शिरेत गेली, असा सगळा प्रकार.

अण्णा_सातारकर

माहिती चांगली आहे. पण आपल्याकडे हे लोण नाही, पंजाब-मणिपूरकडचं आहे.

जुना_पापी

अण्णा, एम्सच्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला, त्यात देशभरात टोचून नशा करणारे साडेआठ लाख म्हटलेत. सगळे काय पंजाबात मावतात? मी गिरगावातला. आणि नशा सोडा, आपल्या जिममधली पोरं काय करतात बघा. भूल देताना रक्तदाब पडू नये म्हणून वापरायचं मेफेन्टरमिन, ते पंप यावा म्हणून टोचतात. ते निदान कुपीतलं असतं, पण एकदा सुईची भीती गेली की पुढची पायरी सोपी होते.

दवबिंदू

सगळ्यांचे आभार. अण्णा, तुमचाही राग नाही, घरात मामा हेच बोलतो.

इको शोधून काढला. फुप्फुसाच्या धमनीतला दाब ५८ लिहिलाय, उजवी बाजू थोडी मोठी. झडपा ठीक आहेत, जंतूंची गाठ नाही असंही लिहिलंय. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सी तपासले. सी पॉझिटिव्ह आहे. एचआयव्ही नाही, तो कागद आईने देवापुढे ठेवलाय.

दोन प्रश्न. एक, आता टोचणं बंद आहे (तो म्हणतो, आणि यावेळी मला खरं वाटतंय), तर हे थांबेल ना? दोन, पोलीस केस होऊ शकते का? या भीतीपायीच तो इतकी वर्षं डॉक्टरांशी खोटं बोलला.

छातीठोक

पहिल्याचं उत्तर गोड नाही. बसलेले कण काढणारं औषध नाही. टोचणं थांबलं की नवी भर थांबते, काहींचं तिथेच स्थिरावतं, पण टाल्क आत राहून जळजळ चालू ठेवतो आणि टोचणं बंद केल्यानंतरही काहींचं फुप्फुस वर्षानुवर्षं हळूहळू आकसत जातं. स्टिरॉइडने काहींना थोडा उतार पडतो, काहींना शून्य. म्हणून दर काही महिन्यांनी डीएलसीओ, म्हणजे फुप्फुसातून रक्तात वायू किती उतरतो ती तपासणी, सहा मिनिटं चालण्याची चाचणी आणि इको. चालताना ऑक्सिजन खाली जात असेल तर घरी ऑक्सिजन. दाबावर गोळ्या आहेत, त्या फुप्फुसाच्या दाबाची सवय असलेल्या हृदयरोगतज्ज्ञाकडूनच. फ्लू आणि न्यूमोनियाची लस घ्या. सिगारेट असेल तर आजच बंद. हिपॅटायटिस सीवर तोंडी गोळ्या आहेत, बहुतेकांचा बारा आठवड्यांत पूर्ण बरा होतो, सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतात. तेवढी एक गोष्ट जिंकता येण्यासारखी आहे, ती आधी उरकून घ्या.

आणखी एक, हे कुणी सांगत नाही. पुढे व्यसन सोडवण्यासाठी ब्युप्रेनॉर्फिन हे औषध सुरू झालं आणि कधी खरोखर एकेटी लागली, तर त्यातल्या रिफाम्पिसिनमुळे ब्युप्रेनॉर्फिनचा असर घटतो आणि टर्की सुरू होते. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवायची.

नर्मदेहर

वकिली करते. एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्यात कलम ६४-अ आहे. व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणातल्या गुन्ह्यासाठी खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं, म्हणून केंद्राचे कागद जपून ठेवा. आणि डॉक्टर रुग्णाची माहिती पोलिसांना देत सुटत नाहीत, ती भीती मनातून काढा.

जुना_पापी

नाको, म्हणजे सरकारची एड्स नियंत्रण संस्था, तिच्या ओएसटी केंद्रात मी अडीच वर्षं गेलो. नशेच्या बदल्यात तिथे ब्युप्रेनॉर्फिन देतात. मोफत असतं. गंमत बघा, तिथेही सिस्टर गोळी चुरतात. चुरून जिभेखाली घालतात आणि विरघळेपर्यंत समोर बसवतात, मग तोंड उघडून दाखवायचं. खिशात घालून बाहेर नेऊन कुणी टोचू नये म्हणून. पहिल्या दिवशी अपमान वाटला होता. सिंगापूरने तर २००६ मध्ये ब्युप्रेनॉर्फिनलाच कडक यादीत टाकलं, लोक त्याच गोळ्या टोचून हातपाय घालवून बसले म्हणून. सिस्टरांचा काही दोष नाही.

हेल्पलाइन १४४४६, सरकारी आहे, नाव न सांगता बोलता येतं. पुण्याजवळ असाल तर मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र, १९८६ पासून चालू आहे, घरच्यांचीही वेगळी मीटिंग असते. तुम्ही आणि आई जा. भाऊ नाही आला तरी जा.

आणि दुखणं. त्याची कंबर अजून दुखतच असेल. ते कुणी बघतंय का? तिकडे लक्ष दिलं नाही तर तो परत गोळीच्याच दारात उभा राहील.

रानजाई

शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. वाचनखूण साठवली.

अण्णा_सातारकर

दवबिंदूताई, पहिला प्रतिसाद रागात लिहिला होता. माझ्या साडूचा मुलगा तीन वर्षं टीबीचाच पेशंट म्हणून फिरतोय, सगळे रिपोर्ट निगेटिव्ह. उन्हाळ्यातही फुल शर्ट घालतो. काल रात्री हे सगळं परत वाचलं. तो पोलरायझरवाला मुद्दा कागदावर नेमका कसा लिहून न्यायचा?

स्लाइडवाला

अण्णा, जुनी स्लाइड आणि मेणातला ठोकळा लॅबमध्ये असतो, मागितला की मिळतो. नवीन तुकडा काढायलाच पाहिजे असं नाही. चिठ्ठीवर डॉक्टरांकडून एवढं लिहून घ्या: 'पोलराइज्ड प्रकाशात परकीय कणांसाठी पुन्हा पाहावे'. पण त्याआधी मुलाशी एकट्याने बोला. साडू समोर नको.

दवबिंदू

पाच आठवड्यांनी लिहितेय.

डोळ्यांत चमकी निघाली, दोन्हीकडे. नजर सध्या ठीक आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी शिकाऊ मुलांना एकेक करून बोलावून दाखवली. भाऊ म्हणाला, मी प्रदर्शनात मांडलाय.

ओएसटी सुरू होऊन चोवीस दिवस झाले. रोज सकाळी मी सोडते, तो परत चालत येतो. मधल्या पुलावर दोनदा थांबावं लागतं, आधी तीनदा थांबायचा असं तो सांगतो, मी मोजलेलं नाही. सहा मिनिटांच्या चाचणीत ३१० मीटर आणि ऑक्सिजन ८८ पर्यंत उतरला. कमरेसाठी फिजिओथेरपी लावली आहे, जुना_पापी, तुमच्यामुळे.

आईने खल फेकला नाही. चिंच लावून लखलखीत घासून फडताळात वर ठेवलाय. वेलची मिक्सरला लावते.

छातीठोक, डीएलसीओ आमच्या गावात होत नाही, मंगळवारी नाशिकला नंबर आहे. चाचणीच्या आधी चहा चालतो का? तो सकाळी चहाशिवाय हलत नाही.